अष्टमीच्या सकाळी समुद्र पाहायला

काही वर्षांपूर्वीच्या एका रविवारी, सकाळी सातच्या सुमारास, आम्ही चाळीसेक माणसे वांद्र्याच्या कार्टर रोडवर जमलो होतो. ओहोटीला उघडे पडणारे खडक आणि त्यांवर राहणारे जीव दाखवण्यासाठी ती सहल ठरली होती. पैसे भरून, नावे नोंदवून, शेवाळावर घसरू नये म्हणून जुने बूट घालून आणि मुलांना साखरझोपेतून उठवून लोक आले होते. समोर मात्र खडकांचा मागमूस नव्हता. पाणी थेट रस्त्याच्या कडेच्या दगडांपर्यंत आलेले होते. मार्गदर्शक जाणकार होते, त्यामुळे त्यांनी कठड्याशी उभे राहून मोबाइलवरची छायाचित्रे दाखवत पाऊण तास चांगले विवेचन केले. पण माझ्या शेजारी उभी असलेली आठ-नऊ वर्षांची एक मुलगी पुन्हा पुन्हा कठड्यावरून वाकून पाहत होती आणि ‘ते जीव आत्ता कुठे आहेत?’ असे विचारत होती. ‘खाली आहेत, पाण्यात,’ एवढेच उत्तर तिला मिळत होते.

रिक्षाची वाट पाहत, मासळीची पाटी शेजारी ठेवून उभ्या असलेल्या, दांडा कोळीवाड्यातल्या एका मावशी आमच्या घोळक्याकडे बराच वेळ पाहत होत्या. शेवटी त्यांनी मला विचारले, ‘अष्टमीला कशाला आलात, ताई? भांगाचं पाणी आहे. दुपारपर्यंत थांबलात तरी खडक सगळे उघडायचे नाहीत. बीजेला या.’

त्या दिवशीची सहल रविवार पाहून ठरवली गेली होती, तिथी पाहून नव्हे. चूक एवढीच होती, आणि ती कुणी हयगयीने केली असेही मला वाटत नाही. नोकरदार माणसांना रविवारच मोकळा असतो. पण या शहरात आणि आसपास निसर्गाविषयीची व्याख्याने, निरीक्षणे आणि पायी फेऱ्या यांना नियमाने जाऊ लागल्यापासून माझे मत पक्के होत गेले आहे. असा कार्यक्रम जे पाहायचे त्याच्या पंचांगाप्रमाणे ठरावा, आणि तो एकाच जागी, त्याच माणसांसह, पुन्हा पुन्हा व्हावा.

मावशींचे बोलणे मी घरी येऊन नीट समजून घेतले. अमावास्या आणि पौर्णिमा या दिवशी सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत असतात, दोघांची ओढ एकत्र काम करते आणि समुद्राला उधाण येते, म्हणजे भरतीचे पाणी जास्त चढते आणि ओहोटीला तितकेच जास्त उतरते. अष्टमीच्या सुमारास चंद्र आणि सूर्य पृथ्वीपासून काटकोनात असतात, एकाची ओढ दुसऱ्याची ओढ काही अंशी खाऊन टाकते, आणि पाणी धड चढत नाही की धड उतरत नाही. यालाच भांग म्हणतात. उधाणाचा जोर नेमका अमावास्येला किंवा पौर्णिमेला सर्वाधिक नसतो, तो साधारण दीड-दोन दिवस मागाहून येतो, म्हणून मावशींनी बीज सांगितली होती. वेळेचा हिशेबही तिथीवरूनच होतो. शुक्ल असो वा कृष्ण, कोणत्याही पक्षातल्या तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तितकीच मागे सरकते, हे या पाऊणपटीचे कारण आहे. हिशेब घड्याळाच्या काट्याइतका नेमका नाही, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण आम्ही अष्टमीच्या सकाळी सात वाजता, म्हणजे भरती होऊन जेमतेम तास उलटल्यावर, तेथे उभे होतो हे सांगायला तो पुरेसा आहे.

त्यानंतरच्या बीजेला मी एकटीच गेले. दिवस कामाचा होता, म्हणून कार्यालयात उशिरा येण्याची परवानगी काढावी लागली. बीजेची भरती दीडला, म्हणून ओहोटी साडेसातला. सातला पोहोचले तेव्हा जेथे आधी फक्त पाणी पाहिले होते तेथे काळ्या कातळाचे रुंद पठार पसरले होते, आणि त्याच्यावर पट्टे आखल्यासारखे दिसत होते. सर्वांत वर, जेथे पाणी फार थोडा वेळ पोहोचते, तेथे ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी खडकाच्या भेगांत एकमेकींना खेटून बसल्या होत्या. त्याखाली बार्नॅकलचा पांढुरका, खरखरीत पट्टा. त्याखाली कालवे, ज्यांच्या कडा तळवा कापतील इतक्या धारदार असतात. आणि सर्वांत खाली, जेथून पाणी अगदी थोडा वेळ हटते, तेथे हिरवे शेवाळ आणि झोआंथिड या प्रवाळांच्या नातेवाइकांची मऊ गादी. भरती-ओहोटीचे सगळे वेळापत्रक त्या खडकावर उभे लिहून ठेवलेले होते. छायाचित्रांत प्रत्येक जीव सुटा दिसतो, हे पट्टे दिसत नाहीत.

बार्नॅकलविषयी थोडे अधिक लिहिते, कारण त्याच्याइतके दुर्लक्षित काही मी पाहिलेले नाही. मुंबईत वाढलेल्या प्रत्येकाचा पाय कधी ना कधी त्याच्यावर खरचटलेला असतो, आणि आपण त्याला शिंपल्याचा तुकडा समजून सोडून देतो. तो शिंपल्यांच्या कुळातला नाही, खेकडे आणि कोळंबी यांच्या कुळातला आहे. लहानपणी तो पाण्यात मोकळा पोहत असतो, मग जागा निवडतो, डोक्याच्या बाजूने स्वतःला खडकाला चिकटवून घेतो आणि भोवती चुन्याच्या पाट्यांचा किल्ला बांधतो. त्यानंतर आयुष्यभर जागा बदलणे नाही. पाणी नसते तेव्हा वरची झडप घट्ट मिटलेली असते. त्या सकाळी मी एका खळग्याशी उकिडवी बसले, ज्यात वीतभर पाणी साचून राहिले होते. त्यातल्या दहा-बारा बार्नॅकलांपैकी एकाची झडप फटीएवढी उघडली, आतून पिसासारख्या बारीक पायांचा झुपका बाहेर आला, पाण्यातून एकदा ओंजळ फिरवावी तसा फिरला आणि आत गेला. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. थोड्या वेळाने शेजारच्याने सुरुवात केली. माझी सावली पाण्यावर पडली तशा सगळ्या झडपा एकदम मिटल्या. मी मागे सरकून बसले आणि सुमारे दोन मिनिटांनी पहिली झडप पुन्हा उघडली. हे पाहायला दुर्बीण लागत नाही, पैसे लागत नाहीत. पाणी खाली असावे लागते आणि माणसाला बसून राहावे लागते.

त्या खळग्यापाशी मी नंतरही जात राहिले. पावसाळा सरल्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा तो गाळाने निम्मा भरला होता. थंडीत खडकांवर हिरव्या शेवाळाचा गालिचा चढला आणि गोगलगायींनी अंड्यांच्या पिशव्या चिकटवलेल्या दिसल्या. मे महिन्यात तेच शेवाळ उन्हाने करपून कागदासारखे झाले होते. एकदाच येणाऱ्याला यांपैकी एकच चित्र दिसले असते आणि त्याने तेच खरे मानले असते. नावांची यादी पहिल्या फेरीत मिळते. कोण कुणाच्या आश्रयाने राहतो, कोण केव्हा नाहीसा होतो, हे कळायला चौथी किंवा पाचवी फेरी लागते.

मुंबईत किनाऱ्यावरच्या फेऱ्या २०१७ पासून चांगल्या रुळल्या, याचे मोठे श्रेय ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाला आहे. गिरगाव, हाजी अली, जुहू, कार्टर रोड अशा ठिकाणी ओहोटीच्या वेळा पाहून फेऱ्या काढायच्या, दिसेल त्याची नोंद आणि छायाचित्र सर्वांना पाहता येईल असे ठेवायचे, ही त्यांची पद्धत मला आदर्श वाटते. मुंबईच्या पाण्यात काही उरलेले नाही असे सहज बोलणाऱ्या शहरात त्यांनी शेकडो प्रजातींच्या नोंदी उभ्या केल्या. या नोंदींची किंमत सागरी किनारा मार्गाच्या कामाच्या वेळी अनेकांच्या लक्षात आली. वरळी आणि हाजी अली येथील खडकांवर प्रवाळांच्या वसाहती होत्या, प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून २०२० च्या शेवटी १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावण्यात आल्या. प्रवाळ हलवणे हा उपाय पुरेसा आहे असे मी मानत नाही, कारण खडकावर प्रवाळाबरोबर जे सगळे गोत असते ते हलवता येत नाही. पण तेथे काय होते हे आपल्याला सांगता येते ते कुणीतरी पहाटे उठून वारंवार तेथे गेले म्हणून.

वारंवार भेटण्याची ही कल्पना मुंबईला नवी नाही. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. त्यांचा मूळ संकल्प अगदी साधा होता. दर महिन्याला भेटायचे, आपापल्याकडचे नमुने मांडायचे आणि टिपणांची देवाणघेवाण करायची. त्या आठांपैकी दोघे आपले होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंगांचे नाव आपल्याला प्रार्थना समाजाच्या १८६७ मधील स्थापनेमुळे ठाऊक असते, आणि सखाराम अर्जुन हे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून आठवतात, ज्यांनी रखमाबाईंच्या शिक्षणाची पाठराखण केली. समाजसुधारणेच्या पुस्तकांत भेटणारी ही माणसे संध्याकाळी एकत्र बसून वनस्पती आणि प्राणी यांच्याविषयी बोलत असत, हे मला शाळेत कुणी सांगितले नव्हते. सांगितले असते तर निसर्गाची आवड ही साहेबांची हौस होती, हा समज इतकी वर्षे माझ्या मनात राहिला नसता.

त्या संग्रहालयाला लागूनच राणीची बाग आहे. १८६२ मध्ये खुली झालेली ही बाग बहुतेकांच्या मनात प्राण्यांची बाग म्हणून आहे, आणि पेंग्विन आल्यापासून तर तिकिटाची रांग तिकडेच वळते. पण ती मुळात वनस्पती उद्यान आहे. आम्ही काही मित्रमैत्रिणी महिन्यातून एकदा तेथे झाडे पाहायला जातो, आणि आमचा नियम असा आहे की एका फेरीत तीनपेक्षा जास्त झाडे पाहायची नाहीत. नव्या माणसाला हा नियम जाचक वाटतो. गोरखचिंचेचे पोट, कैलासपतीच्या खोडाला लगडलेली तोफगोळ्यांसारखी फळे, बहरलेली उर्वशी, हे सगळे एका सकाळी उरकून टाकावे असे त्यालाही वाटते. पण सीतेच्या अशोकाखाली अर्धा तास थांबल्यावर तक्रार करणारा मी अजून पाहिलेला नाही.

आपल्या सोसायट्यांच्या कुंपणाशी सरळसोट वाढणारा, लांब लोंबत्या पानांचा जो अशोक असतो, त्याचा आणि या झाडाचा काही संबंध नाही. सीतेचा अशोक आडवा, घेरदार वाढतो. त्याची कोवळी पालवी तांबूस आणि इतकी मऊ असते की उभे राहण्याचे बळ नसल्यासारखी ती देठापासून खाली लोंबते, आणि हिरवी होत गेली की हळूहळू ताठ होते. फुलांचे गुच्छ फांदीच्या टोकालाच नव्हे तर जून खोडावरही थेट उमलतात. एक फूल तळहातावर घेतले की चार पाकळ्या दिसतात, आणि त्या पाकळ्या नाहीतच. या फुलाला पाकळ्या नसतात, जे रंगीत दिसते तो पुष्पकोश आहे. उमलताना तो पिवळा असतो, मग नारिंगी होतो आणि शेवटी लालसर, म्हणून एकाच गुच्छात तिन्ही रंग दिसतात आणि कोणते फूल कालचे, कोणते आजचे, हे पाहून ओळखता येते. गेल्या वर्षी आमच्याबरोबर आलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी हे फूल हातात घेतले आणि म्हणाले, ‘मी अशोकवनाचा धडा तीस वर्षे शिकवला आणि अशोक आज पाहिला.’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

व्याख्यानांची गोष्ट थोडी वेगळी आहे. व्याख्यान बंद खोलीत होते, त्याला भरती-ओहोटीची अट नाही. मुंबईत मराठीतून विज्ञान ऐकायचे तर चुनाभट्टीच्या विज्ञान भवनात जावे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हे काम करते आहे, आणि तिच्या शाखा महाराष्ट्रात गावोगावी आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक २००९ पासून ‘चाय अँड व्हाय’ या नावाने रविवारी जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आणि माटुंग्याच्या रुपारेल महाविद्यालयात बोलतात, जेथे कुणीही जाऊन बसावे आणि काहीही विचारावे. वरळीचे नेहरू तारांगण १९७७ पासून आहे. व्याख्यानांना मी जाते ती प्रामुख्याने शेवटच्या अर्ध्या तासासाठी, जेव्हा प्रश्न सुरू होतात. विषय मराठीतून मांडलेला असला की प्रश्न विचारणारे हात वेगळे असतात. मागच्या रांगेतले आजोबा, मुलाला घेऊन आलेली आई, तांत्रिक शाळेतला मुलगा, यांना प्रश्न आधीपासून असतातच, पण दुसऱ्या भाषेत तो जुळवताना वेळ निघून जातो आणि हात खाली राहतो. म्हणून शैवाल, प्रवाळ, पुष्पकोश हे शब्द बोलण्यात रुळले पाहिजेत, आणि त्यांच्याबरोबर उधाण, भांग, सुकती (म्हणजे ओहोटी), निवटी हे कोळीवाड्यातले शब्दही आले पाहिजेत. चिखलात उड्या मारणाऱ्या त्या डोळे वटारलेल्या माशाला निवटी हे नाव असताना इंग्रजी नाव शिकवून पोरांना घरी पाठवणे मला पटत नाही.

व्याख्यान आणि प्रत्यक्ष पाहणे यांची उत्तम सांगड मला शून्य सावलीच्या दिवशी दिसते. हा दिवस रविवार पाहून ठरवताच येत नाही. आपला सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे प्रत्येक गावी वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मे महिन्यात हा दिवस दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. सावंतवाडीला ३-४ मेच्या सुमारास, कोल्हापूरला ६-७ मेला, पुण्याला १३-१४ मेला, मुंबईला १५-१६ मेला आणि नागपूरला २६ मेच्या आसपास. मुंबईचा दुसरा दिवस जुलैच्या शेवटी, २७-२८ तारखेला येतो, पण तेव्हा ढगांमुळे सूर्य क्वचितच दिसतो. मध्यान्हही बाराची नसते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि मुंबई ७३ अंशांच्या अलीकडे, म्हणून येथला सूर्य मे महिन्यात १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास माथ्यावर येतो. एका वर्षी आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी मुलांना बोलावले आणि पाण्याच्या नळाचा तुकडा जमिनीवर उभा ठेवला. साडेबाराला त्याची सावली नखाएवढी राहिली होती. मग ती नळाच्या बुडाखाली शिरली आणि नळाच्या आतून जमिनीवर उन्हाचे गोल वर्तुळ दिसू लागले. मुले स्वतःच्या पायांखाली सावली शोधत उड्या मारत होती. पाच मिनिटांनी ती दुसऱ्या बाजूने बाहेर आली. आदल्या आठवड्यात एका व्याख्यानात सूर्याचे उत्तरायण आणि क्रांती (म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे त्याचे अंतर) हे सगळे आकृत्यांसह ऐकले होते, पण ते पूर्ण समजले त्या गच्चीवर, पाय भाजत असताना.

माझी एक तक्रार आहे आणि ती मनापासूनची आहे. अलीकडे अनेक सहली माणसांच्या संख्येवर मोजल्या जाऊ लागल्या आहेत. साठ-सत्तर माणसे एका खळग्याभोवती कोंडाळे करतात, छायाचित्रासाठी खडक उलटा केला जातो आणि तो पुन्हा होता तसा ठेवला जात नाही. खडकाच्या खालच्या बाजूला राहणारे जीव ओले आणि अंधारात राहणारे असतात. दगड उलटा राहिला तर वरचे खाली दबून मरतात आणि खालचे उन्हात सुकून मरतात. मी एकदा एका सहलीत हे मोठ्याने बोलून दाखवले, तेव्हा दोन-तीन जणांनी लगेच वाकून दगड पूर्ववत ठेवले. सांगितले की लोक ऐकतात, पण सांगायला कुणीतरी जवळ उभे असावे लागते, आणि सत्तर माणसांत ते शक्य नाही. पंधरा माणसे, एक जागा आणि दर महिन्याची बीज, एवढे जरी एखाद्या संस्थेने वर्षभर पाळले तरी तिच्याभोवती त्या किनाऱ्याला ओळखणारी माणसे तयार होतील असा मला विश्वास आहे. आमच्यातल्या अकरा जणांनी ते गेली दोन वर्षे पाळले आहे. बीज कामाच्या दिवशी आली तर निम्मी माणसे येतात, पण कुणी ना कुणी येतेच.

कठड्यावरून वाकून पाहणारी ती मुलगी आणि तिची आई तिसऱ्या महिन्यापासून आमच्यात आहेत. मुलगी आता उकिडवी बसते, आधी सूर्य कोणत्या बाजूला आहे ते पाहते आणि सावली पाण्यावर पडणार नाही अशी जागा निवडते. मागच्या महिन्यात वाहतुकीत अडकून आम्हाला पोहोचायला साडेआठ वाजले. दांड्याच्या मावशी नेहमीच्या जागी रिक्षासाठी उभ्या होत्या. ‘आज उशीर केलात, ताई,’ त्या म्हणाल्या, ‘पाणी फिरलं.’ मुलीने धावत जाऊन आमचा खळगा पाहिला. पहिली लाट त्यात नुकतीच शिरली होती आणि कडेच्या सगळ्या झडपा उघडल्या होत्या.